सिस्टर डिम्फनाची अंगठी

फिलू,

तुझ्या बैठकीच्या खोलीत, तुझ्या शवपेटीपासून चार पावलांवर, सिस्टर कोलेटनं तुझ्या रिआच्या हातात एक छोटं पाकीट ठेवलं, तेव्हा मी चहाची किटली घेऊन शेजारी उभी होते. ती किटली मी तिच्या अंगावर ओतली नाही. माझ्या आयुष्यातला हा सगळ्यात मोठा संयम असेल, पण त्याचं श्रेय मी तुझ्या शिकवणीला देणार नाही. चहा गार झाला होता, एवढंच.

तू गेलीस त्याला सहा आठवडे झाले. सगळे मला सांगतात की थोडे दिवस जाऊ देत, राग निवतो. सायमनही तेच म्हणतो, आणि त्याचं ऐकायला हवं हे मला कळतं, कारण बायको त्याची गेली आहे, माझी नुसती मैत्रीण. पण नाही निवत. सकाळी ॲडम्सटाउनच्या स्टेशनवर हा राग माझ्याबरोबर गाडीची वाट बघत उभा असतो आणि सँडीफोर्डला ऑफिसात माझ्या शेजारची खुर्ची ओढून बसतो. लोकांनी बनवलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या हा माझा धंदा. चूक दुरुस्त झालेली स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय ती बंद करायची नाही, हा त्यातला पहिला नियम. तू मला यावरून किती चिडवायचीस. "घरी येताना डोकं ऑफिसातच ठेवून येत जा की गं." मला ते कधी जमलं नाही, आणि आता जमवायचंही नाही.

आपली पहिली भेट आठवते का तुला? पॅरिशच्या शाळेच्या फाटकाशी, पोरांचा पहिला दिवस. इथे परदेशात आमच्या भागात दुसरी शाळा नव्हती. फादर शाळेच्या समितीचे अध्यक्ष, सिस्टर कोलेट समितीवर, वर्गावर्गात क्रूस, आणि त्यात माझा निहार, कपाळावर आजीनं फोनवरून सांगून लावायला लावलेलं गंध. मी नवऱ्याला फोनवर म्हणत होते, "इथल्या बायका माझ्याकडे बघून हसतायत असं वाटतंय." मागून आवाज आला, "हसत नाहीयेत हो. थंडीनं तोंडं तशी झालीत त्यांची." मी वळून बघितलं तर तू. गळ्यात क्रूस, हातात रिआचं दप्तर. मी वेड्यासारखी म्हणाले, "अय्या, तुम्ही ख्रिश्चन असून मराठी? आमच्या चिंचवडला असं कधी पाहिलं नाही." तू म्हणालीस, "वसईला चारशे वर्षं झाली की. बातमी चिंचवडला पोचली नाही वाटतं."

त्या एका वाक्यानंतर मी तुला अहोजाहो केलं नाही.

पुढे तुझ्या घरचं भुजिंग मी किती वेळा खाल्लं याचा हिशोब नाही. ओव्हनमध्ये कोंबडी भाजून त्यात पोहे मिसळताना तू दर वेळी म्हणायचीस की खरं भुजिंग कोळशावरचं, हे म्हणजे आपली समजूत. आईशी फोनवर बोलायचीस ती तुमची सामवेदी बोली मला निम्मीच कळायची, पण माझी चेष्टा चालली आहे हे बरोब्बर कळायचं. आणि निहारचं ते पहिल्या कोमुन्यांवचं वर्ष! दुसरीतल्या बाकी सगळ्या पोरांना पहिला ख्रिस्तप्रसाद मिळणार म्हणून पांढरे कपडे, घरी पाहुणे, अंगणात उड्या मारायला फुगवलेला किल्ला. माझा मुलगा वर्गात मागे बसून चित्रं रंगवायचा आणि घरी येऊन रडायचा. त्या मुलांची तयारी करून घ्यायला तू शाळेत जायचीस. तू त्याला रडताना बघितलंस आणि पुढच्या शनिवारी तुमच्या अंगणात तो किल्ला पुन्हा फुगवून घेतलास. केकवर लिहून आणलंस, 'निहारचं पहिलं काहीतरी'. माझ्या सासूबाईंना फोटो पाठवला तर त्यांनी घाबरून विचारलं, "बाटवलं की काय त्याला?" हसून हसून तू खुर्चीवरून पडायची बाकी राहिलीस.

त्या दिवसासाठी मी तुला धन्यवाद दिले नव्हते. वाटलं, त्यात काय द्यायचे. आता देते.

तेव्हा तू सिस्टरांच्या घरी काम करत होतीस. चर्चच्या मागचं ते जुनं कॉन्व्हेंट, त्यात अकरा म्हाताऱ्या जोगिणी, आणि त्यांना अंघोळ घालायला, भरवायला, औषधं द्यायला तू. "मला अकरा सासवा आहेत," म्हणायचीस. त्यातली तुझी लाडकी सिस्टर डिम्फना. शहाऐंशी वर्षांची, गुडघ्यांनी अधू, तोंडानं फटकळ. मी एकदा तुला न्यायला आले होते तर तिनं मला विचारलं, तुझ्या त्या हत्तीच्या तोंडाच्या देवाला दातदुखी झाली तर काय करतात. मला तीही आवडली होती. तिच्या डाव्या हातात चांदीची साधी अंगठी होती, व्रत घेऊन ख्रिस्ताची झाली त्या दिवशी घातलेली, आतल्या बाजूला तिचं नाव कोरलेली. ती म्हणायची, हे माझं लग्न, आणि माझा नवरा घोरत नाही.

ती गेली तेव्हा खोलीत तू एकटी होतीस. तू तिला धुतलंस, केस विंचरलेस, तिचा जुना झगा घातलास. त्या सिस्टरांच्यात रीत अशी की कुणी गेली की तिच्या बोटातली अंगठी उतरवायची आणि मोठ्या सिस्टरकडे, म्हणजे कोलेटकडे, द्यायची. पुढे नवी मुलगी व्रत घ्यायला आली की तिला ती घालायची. आता तीस वर्षांत एकही नवी मुलगी आलेली नाही, म्हणजे कोलेटच्या कपाटातल्या डब्यात अंगठ्या साठत चाललेल्या आणि त्या घालायला बोट नाही. ही रीत तुला कुणी सांगितली नव्हती. तुझ्या आजीची रीत तुला ठाऊक होती. नवरा असलेली बाई गेली तर तिच्या बोटातली लग्नाची अंगठी काढत नाहीत, तुमच्या घरी तो अपशकुन. म्हणून तू डिम्फनाची अंगठी नीट आत सरकवलीस, वर रोझरीच्या माळेचे वेढे दिलेस, आणि पेटी बंद झाली.

आठवड्यानं कोलेटनं विचारलं, अंगठी कुठे आहे? तू म्हणालीस, बोटात. का काढली नाहीस? तर तू तिला तुझं ते उत्तर दिलंस, जे मला सांगताना तू रडत होतीस आणि तरी ऐकताना मला हसू फुटलं होतं. तू म्हणालीस, "सिस्टर, तिचा नवरा कुठे मेलाय? तो तर तिसऱ्या दिवशी उठलाय."

कोलेट हसली नाही. ती म्हणाली, मी चॅपेलमध्ये डिम्फनाचे हात पाहिले, मला अंगठी दिसली नाही. पेटी नेणाऱ्या माणसाला विचारलं तर त्याला काही आठवत नव्हतं. झालं, तू चोर ठरलीस. आणि कसं ठरवलं बघ. ओरडली नाही, झडती घेतली नाही. तुझा हात हातात घेऊन म्हणाली, "आम्ही गार्डांना कळवणार नाही, फिलोमिना. आम्ही तुझ्यासाठी प्रार्थना करू." पोलीस आले असते तर निदान त्यांनी लिहून घेतलं असतं की पुरावा नाही. प्रार्थनेला कुठे पुरावा लागतो?

महिनाअखेरीस तुला कामावरून कमी केलं. मग चर्चच्या पोर्चमधल्या फळ्यावर, रविवारच्या उपासनेत, मिस्सेत, ख्रिस्तप्रसाद वाटणाऱ्यांच्या यादीत, तुझं नाव लागलं नाही. कुणी काढलं, का काढलं, काही नाही. यादी नवीन छापली आणि तू तिच्यात नव्हतीस. शाळेतूनही निरोप आला की यंदा मुलांच्या तयारीला मदतनीस पुरेशा आहेत. रिआ आठ वर्षांची होती. तिनं घरी येऊन तुला विचारलं की नन्सची वस्तू घेतली तर नरकात जातात का, कारण वर्गातली एक मुलगी तसं म्हणाली. त्या मुलीला हे कुणी सांगितलं असेल? सिस्टर कोलेट तर कुणाला काही बोलली नव्हती. ती फक्त प्रार्थना करत होती, आणि कशासाठी करते आहे ते विचारलं की हळूच सांगत होती.

मी म्हटलं, सॉलिसिटरकडे जाऊ. तू म्हणालीस, देवाच्या घरात भांडण नको. मी म्हटलं, मग हे घर बदल. तू म्हणालीस, घर सिस्टर कोलेटचं नाही, मी का बदलू? आठ वर्षं आपण हा वाद घातला, फिलू. स्वयंपाकघरात घातला, गाडीत घातला, क्लोनडॉकिनच्या त्या दुकानात ओला नारळ हलवून बघताना घातला. तुला नवी नोकरी मिळायला सात महिने लागले कारण आधीच्या ठिकाणचं पत्र हवं असायचं आणि ते पत्र यायचं ते इतकं बेताचं की वाचणाऱ्याला वास यावा. तू कोलेटला 'त्या' म्हणायचीस. मी 'ती' म्हटलं की डोळे वटारायचीस. आणि वाद संपवताना दर वेळी तेच, "मला काही नको गं. एक ओळ लिहून द्यावी त्यांनी. फिलोमिनानं घेतली नव्हती. बस्स."

आता जे लिहिते आहे ते मी कुणाला सांगितलेलं नाही. पहिल्याच आठवड्यात, तुझ्या घरी, तू कपाटातून कप काढत होतीस आणि मी विचारलं, "फिलू, खरं सांग हं, चुकून ॲप्रनच्या खिशात वगैरे राहिली नाही ना?" मी अगदी सहज विचारलं, माझ्या कामात विचारतात तसं, सगळ्या शक्यता तपासायच्या म्हणून. तू पाठमोरी होतीस. कप खाली ठेवलास, आणि वळून म्हणालीस, "साखर किती घालू?" चार वर्षं तू माझ्यासाठी चहा करत होतीस, फिलू, माझी साखर तुला पाठ होती. त्यानंतर आपण किती बोललो, पण त्या प्रश्नाबद्दल कधीच नाही. माफी मागायची राहून गेली. आज मागतेय, तर ऐकायला तू नाहीस, आणि हा राग कोलेटवर जेवढा आहे त्यातला थोडा माझा माझ्यावर आहे. पण म्हणून तिचा वाटा कमी होत नाही.

मग या मार्चमध्ये कॉन्व्हेंटबाहेर विकल्याची पाटी लागली. सिस्टरांनी कॉन्व्हेंट आणि मागचं सगळं आवार विकलं, तिथे अपार्टमेंट्स होणार. उरलेल्या सिस्टर चर्चजवळच्या एका घरात राहायला गेल्या, आणि आवारातली त्यांची दफनभूमी रिकामी करून मेलेल्या सिस्टरांना शहराच्या मोठ्या स्मशानभूमीत एकत्र नेऊन ठेवायचं ठरलं. तू मला ऑफिसात फोन केलास. कामाच्या वेळात फोन न करणारी तू. "वृंदा, डिम्फनाला बाहेर काढणार. आता सापडेल बघ." तुझा आवाज इतका हलका मी आठ वर्षांत ऐकला नव्हता. उंच हिरव्या पत्र्यांच्या आड चार दिवस काम चाललं. तू रोज कामावरून येताना एक स्टॉप आधी उतरून तिथून चालत घरी जायचीस.

फोन आला नाही. एप्रिल गेला. मी म्हटलं, मी जाऊन विचारते. तू म्हणालीस, नको, त्या स्वतः सांगतील, अशी गोष्ट कुणी लपवत नाही. मे गेला. मग तू हळूहळू वेगळंच बोलायला लागलीस. कदाचित पेटी नेणाऱ्या माणसानं काढली असेल. कदाचित मातीत पडली असेल. ऑगस्टमध्ये तुझं दुखणं निघालं आणि डॉक्टरांनी सांगितलं की वेळ थोडा आहे, तेव्हा हॉस्पिटलच्या पलंगावर तू मला विचारलंस, "वृंदा, मी खरंच ठेवली होती ना गं बोटात? मला आता नीट आठवत नाही."

मी 'हो' म्हणाले. तू माझ्याकडे बघत राहिलीस. माझा तो जुना प्रश्न तुला आठवत होता, आणि मलाही.

त्या लोकांनी तुझी नोकरी नेली, चर्चमधली जागा नेली, ते एकवेळ मी गिळलं असतं. पण तुझा स्वतःवरचा भरवसा नेला. तू स्वतःलाच चोर ठरवायला निघालीस, शेवटच्या दिवसांत, जेव्हा माणसाजवळ स्वतःशिवाय काही उरत नाही.

आणि त्याच आठवड्यात कोलेट तुला भेटायला आली होती. मी दुपारी आले तेव्हा तुझ्या उशाशी पवित्र पाण्याची बाटली होती आणि तू खुशीत होतीस. "अगं, स्वतः आल्या होत्या. माझा हात धरून रोझरी म्हटली. मी विचारलंसुद्धा डिम्फनाबद्दल." मी म्हटलं, काय म्हणाली? "म्हणाल्या, आता त्याचा विचार करून स्वतःला त्रास करून घेऊ नकोस, फिलोमिना." तुला त्यात माया दिसली. मला तेव्हा काहीच दिसलं नाही, याची मला लाज वाटते.

तर आता ते पाकीट. इथल्या आणि तुमच्या वसईच्या लोकांचं या बाबतीत चांगलं जमतं, दोघेही गेलेल्या माणसाला घरी ठेवून भोवती बसतात. सायमन तुझ्या पायाशी बसून होता. शेजारणी सँडविचेस कापत होत्या. कोलेट आली, तुझ्या कपाळावर बोटानं क्रूस काढला, आणि स्वयंपाकघराच्या दाराशी रिआला गाठून म्हणाली, "हे तुझ्या मॅमीकडे असावं असं सिस्टर डिम्फनाला वाटलं असतं." रिआनं पाकीट उघडलं. चांदीची अंगठी. आत डिम्फनाचं नाव.

मी विचारलं, "ही कुठे मिळाली, सिस्टर?"

"सिस्टरांना हलवलं तेव्हा. तिच्या बोटातच होती, गॉड लव्ह हर."

"कधी हलवलं?"

ती क्षणभरही अडखळली नाही. "मार्चमध्ये गं. सेंट पॅट्रिकच्या सणाच्या सुमारास." जणू मी हवापाणी विचारलं होतं.

मार्च. सहा महिने. हॉस्पिटलमध्ये तिनं तुझा हात धरला तेव्हा ही अंगठी तिच्या कपाटात होती. तिला सगळं ठाऊक होतं, आणि ती तुला म्हणाली, त्रास करून घेऊ नकोस. मी तिला हे तिथेच म्हटलं, तुझ्या पेटीसमोर, आवाज न चढवता. तिनं माझ्या दंडावर हात ठेवला आणि म्हणाली, "ही शोक करायची वेळ आहे. आणि आम्ही तर फिलोमिनाला केव्हाच माफ केलं होतं."

माफ केलं होतं! फिलू, तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. चोरी झालीच नव्हती हे कळल्यावरही माफी तिची शाबूत होती.

अंत्यविधीच्या मिस्सेत तिनं वेदीपाशी उभं राहून तुझ्याबद्दल चार शब्दही सांगितले. तुझे मायाळू हात, तुझी सेवा. अंगठीचं अक्षर नाही. लोक डोळे पुसत होते. मी पुसले नाहीत, तिच्याकडे बघत बसले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या मुख्य कार्यालयाला पत्र लिहिलं. काय झालं, कधी झालं, आणि काय हवं आहे. हवी आहे एक ओळ. नऊ दिवसांनी उत्तर आलं की सिस्टर्स फिलोमिनाला प्रार्थनेत स्मरतात आणि बाकी विषय त्यांच्या कायदेशीर सल्लागारांकडे सोपवला आहे. सायमननं ते वाचून घडी केलं आणि टीव्हीखाली ठेवलं. "सोड, वृंदा. तिला हे आवडलं नसतं." रिआ जिन्यावर बसली होती. ती खाली आली आणि अंगठी माझ्या हातात दिली. "आय डोन्ट वाँट इट, मावशी. यू टेक इट. माझ्याकडे राहिली तर मी लिफी नदीत फेकेन."

मी घेतली. माझ्या मधल्या बोटात ती बरोबर बसते.

आणि त्या रविवारी मी मिस्सेला गेले. साडीबिडी नाही, ऑफिसचाच कोट. कोलेट दुसऱ्या बाकावर बसते हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी बरोब्बर तिच्या मागे बसले. कधी उठायचं, कधी गुडघे टेकायचे, मला काही येत नाही. सगळे उठले की उठते, टेकतात तेव्हा नुसती बसून राहते. पण मिस्सेत एक वेळ येते, तुला माहीत असलेली आणि मला माहीत नसलेली. फादर म्हणतात, एकमेकांना शांती द्या. मग सगळे मागेपुढे वळून हात मिळवतात. कोलेट हसत वळली, हात पुढे केला, आणि तिनं माझं बोट पाहिलं. तिचा हात मध्येच थांबला. मी तो धरला. "पीस बी विथ यू, सिस्टर." सोडायची वेळ आली तरी मी सोडला नाही. पुढची प्रार्थना सुरू झाल्यावर सोडला.

दुसऱ्या रविवारी ती पलीकडच्या बाजूला, खांबाशेजारी जाऊन बसली. मीही गेले. तिसऱ्या रविवारी ती वळलीच नाही, तेव्हा मी तिच्या खांद्यावर बोटानं हलकेच टकटक केलं, सगळ्यांसमोर, आणि तिला वळावं लागलं. चौथ्या रविवारी तुला जाऊन महिना झाल्याची मिस्सा होती, फादरनी तुझं नाव वाचलं, आणि त्या दिवशी मी तिचा हात इतका वेळ धरला की तिच्या तळव्याला घाम आला.

काल पाचवा. माझ्या शेजारी एक म्हातारी बाई होती, निळ्या कोटातली. ती म्हणाली, "लव्हली रिंग. ननची आहे का गं?" मी म्हटलं, हो, सिस्टर डिम्फनाची. "मग तुझ्याकडे कशी?" मी तिला सांगितलं. कुजबुजले नाही, फोनवर बोलते तशी बोलले. फिलोमिनानं ती घेतली नव्हती, आठ वर्षं सगळे समजत होते की घेतली, आणि पुढे बसलेल्या सिस्टरना मार्चपासून ठाऊक होतं. म्हातारीनं तोंडावर हात नेला आणि पुढच्या बाईच्या कानाशी वाकली. पुढची बाई तिच्या नवऱ्याकडे. कोलेटची मान मागून लाल होताना मी पाहिली आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

बाहेर पोर्चमध्ये, त्या यादीच्या फळ्याखाली, तिनं मला गाठलं. "तुला हवंय तरी काय, वृंदा?"

"एक ओळ. तुमच्या कागदावर, तुमच्या सहीनं. शाळेत आणि इथे, या फळ्यावर लावायची. मग ही अंगठी मी डिम्फनाजवळ नेऊन ठेवते."

"ते आता वकिलांच्या हातात आहे गं."

"मग रविवारी भेटू, सिस्टर."

तुला हे आवडणार नाही, ठाऊक आहे मला. सायमननं सांगितलं की आठ वर्षं दर रविवारी तू तिच्याशी हात मिळवायचीस आणि मनापासून शांती द्यायचीस. तू दिलीस, ते तुझं मोठेपण, आणि तिनं ती शांती घेऊन खिशात टाकली. मी तशी बाई नाही. मी तिला काहीही देत नाही, नुसता हात पुढे करते. तू वर बसून डोळे वटार हवे तेवढे.

रिआनं गेली तीन वर्षं रविवारच्या मिस्सेला पाऊल टाकलं नव्हतं, तू ते किती जिवाला लावून घ्यायचीस. काल संध्याकाळी तिचा फोन आला. पुढच्या रविवारी तिला मी घरून घेऊन जायचं आहे. कोलेटच्या मागचा बाक मावशीचा, म्हणाली, तिच्या शेजारची जागा माझी.